न लिहिला गेलेला ‘यमुनाकाठ’

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एक शहाणपण सर्वांनाच ठाऊक असते: घेणाऱ्याची निकड त्याच्या चेहऱ्यावर दिसली की भाव विकणाऱ्याच्या हाती जातो. शस्त्रांच्या बाजाराचा नियमही हाच. तिथे भावाबरोबर अटीही येतात, एवढाच फरक. शेजारच्या अहिल्यानगरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि लष्करी वाहनांची संशोधनसंस्था असल्याने रणगाडा आमच्या भागाला अपरिचित नाही. परंतु तो कोणत्या किमतीला, कोणाच्या मर्जीने येतो, हा प्रश्न मराठी वाङ्मयाने क्वचितच विचारला. यशवंतराव चव्हाणांच्या संरक्षणमंत्रिपदाकडे आम्ही या प्रश्नाच्या अंगाने पाहू इच्छितो.

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याकडे इतके रूढ झाले आहे, की त्यापुढचा इतिहास त्याच्याच सावलीत झाकला गेला. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव दिल्लीस पोहोचले, तेव्हा चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. लढाई थांबली होती. उरला होता तो हिशेब. डिसेंबरात अमेरिका आणि ब्रिटिश राष्ट्रकुलाने मिळून १२ कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत देऊ केली. ‘अडला हरी’ म्हणतात ती अवस्था याहून वेगळी नसते.

यशवंतरावांचे खरे कर्तृत्व आम्हांस दिसते ते या निकडीला योजनेचे रूप देण्यात. १९६४ ते १९६९ या काळासाठी पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली: सव्वाआठ लाखांचे सैन्य, डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल. ही योजना घेऊन ते मे १९६४ मध्ये अमेरिकेत गेले. तेथे असतानाच २७ मे रोजी नेहरूंचे निधन झाले आणि त्यांना परतावे लागले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ जातीची विमाने भारताला देण्यास अमेरिका राजी नव्हती. त्याच वर्षी यशवंतराव मॉस्कोला गेले. मिग विमानांच्या निर्मितीसाठी नाशिकजवळ ओझर, ओडिशात कोरापुट आणि हैदराबाद अशी कामाची वाटणी झाली: सांगाडा, इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक्स.

सप्टेंबर १९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा रोखला. त्यानंतर नोव्हेंबरात आयात मालाला देशी पर्याय शोधण्यासाठी संरक्षण पुरवठा हा वेगळा विभाग निघाला आणि डिसेंबरात आवडीच्या कारखान्यातून ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला.

मात्र येथे गौरवाची लेखणी जरा थांबवावी लागते. विजयंताचा आराखडा ब्रिटिश होता, मिगचा सोव्हिएत. परवान्यावर बांधणी करणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. ती स्वावलंबनाची उमेदवारी होय. विकणारा एकच राहू नये, ही दक्षता यशवंतरावांनी घेतली. पुढील दशकांत भारत सोव्हिएत शस्त्रांवर मोठ्या प्रमाणात विसंबला, हेही तितकेच खरे. त्यांच्या धोरणाचे मोल जोखताना या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या पाहिजेत.

आम्ही साहित्याचे शिक्षक. आम्हांस खंत वाटते ती निराळी. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी थांबते. ‘सागरतळी’ आणि ‘यमुनाकाठ’ हे पुढील खंड लिहिण्यापूर्वीच, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, यशवंतराव गेले. त्यामुळे दिल्लीच्या या पर्वासाठी वाचकाला त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांच्या पुस्तकांकडे वळावे लागते. देवराष्ट्रे, आई, चळवळ, तुरुंग हे सारे आत्मचरित्रात आले; सत्ता, सौदा आणि नकार मात्र त्याबाहेर राहिले.

हा केवळ मृत्यूने घडवलेला योगायोग म्हणून सोडून द्यावा काय? संघर्षाची कथा सांगण्यात आपली आत्मचरित्रे रमतात. निर्णयाची कथा सांगणारी भाषा त्यांनी फारशी घडवली नाही. लाखो जवानांच्या हाती कोणते शस्त्र द्यायचे, हे ठरवताना माणसाच्या मनात काय चालते, हा वाङ्मयाचाही विषय आहे. ‘कृष्णाकाठ’ शिकवताना त्याच्या शेवटच्या पानापाशी हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.