नर्सिंगच्या मॅडमना कोण शिकवतं?

हेडफोन लावलेत ना? आजची सुरुवात सोलापूरच्या नवी पेठेतून. ॲडमिशनच्या दिवसांत इथल्या कापड दुकानांत नर्सिंगच्या मुली युनिफॉर्म घ्यायला येतात. युनिफॉर्म विकत मिळतो. वॉर्डात काय करायचं, ते मात्र मॅडम शिकवतात. आणि मॅडम स्वतः जे शिकल्या, तेच जुनं झालं असेल तर?

उदाहरण घ्या. ऑपरेशनआधी पेशंटच्या अंगावर वस्तरा फिरवायचा, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. हेतू स्वच्छतेचाच. पुढे अभ्यासातून दिसलं, की वस्तऱ्यानं कातडीवर बारीक जखमा होतात आणि तिथून जंतू शिरतात. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं : केस काढू नका, गरजच असेल तर क्लिपर वापरा.

आता जरा मागे जाऊ. १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. हे ठिकाण आजच्या इस्तंबूलमध्ये. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथं शंभरातले ४२ पेशंट दगावत होते. मार्चमध्ये आलेल्या पथकानं गटारं साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत आकडा दोनवर आला. नाइटिंगेलला आधी वाटायचं, सैनिक उपासमारीनं खंगून येतात म्हणून मरतात. घरी परतल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञासोबत हिशेब मांडला, तेव्हा घाणीचा वाटा कळला. तिनं मत बदललं, आणि १८६० मध्ये लंडनमध्ये तिच्या नावानं नर्सिंगची शाळा सुरू झाली.

आपल्याकडे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथल्या बायका ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या. परक्यांची शुश्रूषा करायची म्हणजे तेव्हा लोक नाकं मुरडायचे. त्या पिढीनं वॉर्डात पाऊल ठेवायचा हक्क मिळवला. वॉर्डात ‘कशावरून?’ विचारायचा हक्क अजून पुरता रुजलेला नाही.

तो मॅडमनाच आधी शिकवायला हवा. पद्धत सोपी आहे : महिन्यात किती जणांचे टाके पिकले ते मोजायचं, एकच गोष्ट बदलायची, पुन्हा मोजायचं. फरक पडला तर तोच वॉर्डाचा नियम. प्रसूतिगृहांसाठी २०१७ मध्ये आलेला केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रमही याच वाटेनं जातो. एका मॅडमच्या हाताखालून दरवर्षी अख्खा वर्ग बाहेर पडतो, तेव्हा त्यांची एक चूकही तितक्याच वॉर्डांत पोचते.

घरचं कुणी ऑपरेशनला ॲडमिट झालं आणि वस्तरा दिसला, तर नम्रपणे विचारा : “सिस्टर, क्लिपर आहे का?”

भेटू पुढच्या भागात!