उभ्या गाडीचा हप्ता

ऑक्टोबर 1986. गोव्यातल्या डिचोलीहून तुम्ही अंधारातच निघालात. मांडवीवरचा पूल जुलैमध्ये कोसळलाय, म्हणून बेतीला फेरीबोटीची रांग. दाबोळीला इंडियन एअरलाइन्सच्या विमानात बसता, न्याहारीचा ट्रे पुढ्यात येतो. ट्रेचे पैसे तिकिटातच धरलेत आणि स्वस्तात नेणारा दुसरा कोणी नाही: 1953 च्या कायद्याने नियमित विमानसेवा सरकारी कंपन्यांपुरतीच राखून ठेवलीय. गावातले बाकीचे मुंबईला बसनेच जातात.

आता 2007 मध्ये या. तो कायदा 1994 मध्येच गेला. डिचोलीचे रस्ते लाल धुळीने माखलेत, चीनला खनिज हवंय. ट्रकवाल्याला कमाई विचारा, तो खेपा मोजून सांगेल. खाणीवरून जेटीपर्यंत जितक्या खेपा, तितके पैसे. उभ्या गाडीलाही बँकेचा हप्ता चुकत नाही.

दाबोळीच्या धावपट्टीवर हाच हिशेब दिसतो. इंडिगोचं विमान उतरलं की साधारण अर्ध्या तासात पुन्हा उडायला हवं. शेवटचा प्रवासी उतरतो न उतरतो तोच हवाई सुंदरी स्वतःच सीटच्या खिशातला कचरा गोळा करू लागतात. फुकटचं जेवण नाही, त्यामुळे चढवायला-उतरवायला सामानही कमी. बिझनेस क्लास नाही. एअरबस ए-320 मध्ये सलग 180 खुर्च्या. विमानं एकाच जातीची, म्हणून सुटे भाग एकच आणि कोणताही पायलट कोणत्याही विमानावर चालतो. 2005 मध्ये या कंपनीने एकदम 100 विमानांची ऑर्डर दिली. घाऊक भावात घ्यायचं, भाडेपट्टा कंपनीला विकायचं आणि तेच विमान भाड्याने चालवायचं. इंधनात मात्र कोणालाच फारशी सूट नाही, म्हणून काटकसर मिनिटांची.

दाबोळी मात्र नौदलाचा तळ. आठवड्याच्या दिवसांत सकाळचे काही तास नागरी विमानांना जवळजवळ बंद. खेपा मोजणाऱ्याला हे परवडत नाही.

5 जानेवारी 2023. अस्नोडा, कोलवाळ, धारगळ करत तुम्ही मोपाला पोहोचता. मनोहर विमानतळ चोवीस तास खुला. हैदराबादहून इंडिगोचं पहिलं विमान उतरतं. तुमच्या तिकिटात आता खुर्ची आणि पंधरा किलोंपर्यंतची बॅग, एवढंच. खिडकी हवी तर पैसे, पंधरा किलोंवर बॅग गेली तर पैसे, उपमा हवा तर पैसे. चार महिने आधी काढणाऱ्याला तिकीट स्वस्त, कालच ठरवणाऱ्याला महाग.

चारच महिने पुढे जा: 3 मे 2023. मोपाहून उडणाऱ्या गो फर्स्ट या विमानकंपनीची सेवा बंद पडलीय. इंजिनं मिळत नाहीत म्हणून निम्म्याच्या आसपास विमानं आधीच जमिनीवर होती, भाडं मात्र चालूच. डिचोलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा अंगणात ट्रक उभे राहिले आणि हप्ते थांबले नाहीत.

परत मे 2023 मध्ये या. सुट्टीचे दिवस आहेत, तुम्हाला गो फर्स्टऐवजी दुसरं तिकीट हवंय. उरलेल्या कंपन्यांचे भाव चढलेत. काटकसरीने खर्च उतरला होता खरा. पण तो फायदा तुमच्या खिशापर्यंत यायला शेजारी दुसरं विमान लागत होतं.