फिरंग्यांच्या काळची गिटार

मनोरीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी गिटार वाजते. बाहेरचा पाहुणा हमखास म्हणतो, "पोर्तुगिजांनी दिलेली, नाही का?" मी नकारार्थी मान हलवतो. सहा एकेरी तारांची गिटार युरोपातच रुळली ती १८०० च्या आगेमागे. फिरंगी इथून गेले १७३९ मध्ये. त्या वर्षी मराठ्यांनी धारावी बेट घेतलं (उत्तन-गोराई-मनोरीचं, माहीमजवळचं नव्हे) आणि मे महिन्यात वसई. १५३४ मध्ये वसई फिरंग्यांच्या ताब्यात गेली तेव्हापासूनच्या दोनशे वर्षांत कुणी शिपाई इथे गिटार घेऊन उतरला असेल, तर ती आधी चार आणि पुढे पाच जोडतारांची. सहावी तार तिला नव्हतीच.

त्यातली १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता, तेव्हा आमचे पूर्वज कागदोपत्री स्पेनच्या राजाची रयत. १५८२ मध्ये लिस्बनला आलेला परदेशी पाहुणा फिलीप द काव्हेरेल लिहून गेलाय की काही वर्षांपूर्वीच्या मोरोक्कोतल्या लढाईला पोर्तुगीज फौजेबरोबर दहा हजार गिटारी होत्या म्हणे. आकडा बाजारगप्पांतला असणार, पण या लोकांना गिटारीचं वेड किती होतं, ते कळतं.

या पाच जोड्या लावायच्या कशा, यावर एकमत नव्हतं. गास्पार सान्झ या स्पॅनिश वादकाने १६७४ मध्ये सारागोसात आपलं शिकवणीचं पुस्तक छापलं. तो सांगतो, रोममधले उस्ताद सगळ्या तारा बारीकच लावतात. स्पेनमध्ये मात्र चौथ्या-पाचव्या जोडीत खर्जाची जाड तार घालतात. दोन्ही बरोबर, त्याच्या मते. गोंगाटाची, नाचाला साथ देणारी गिटार हवी तर खर्ज घाला. एकेक तार छेडून नाजूक वाजवायचं तर काढा.

रोमची रीत करून बघण्यासाठी मी एका जुन्या गिटारीची सहावी तार उतरवली. पाचवीच्या जागी तिसरीची नायलॉनची तार घालून एक स्वर चढवली, चौथीच्या जागी पहिलीची घालून एक स्वर उतरवली. (जोड्या नाहीत, आतड्याच्या ताराही नाहीत, सान्झ हसला असता.) जाड तारेसाठी कोरलेल्या खाचेत बारीक तार खुळखुळते, म्हणून खाली कागदाची घडी सारावी लागली. मग तिसऱ्या तारेला सा धरला आणि वरून खाली सुट्या तारा छेडल्या: रे, प, सा, ग, ध. सगळे एकाच सप्तकात. चक्क भूप! अंगठा सवयीने खर्ज शोधायला वर जातो आणि त्याच्या हाती लागतो रिषभ, तोही षड्ज आणि गंधाराच्या मधला. लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाजवले की आधीचा विरायच्या आत पुढचा त्याच्यात मिसळतो. स्पॅनिश लोक याला 'काम्पानेलास' म्हणत, घंटानाद. खर्जाची तार घातली की रे आणि प मंद्रात घसरतात आणि सगळी गंमत जाते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्या काळी कॉर्डना अक्षरं दिलेली होती. ए म्हणजे आजचा जी मेजर, बी म्हणजे सी, सी म्हणजे डी. आमच्या लग्नांत वाजवणाऱ्या पोरांना जी, सी, डी हे तीनच कॉर्ड येतात म्हणून थट्टा होते. सतराव्या शतकातल्या शिकाऊ पोरांची सुरुवातही त्याच तिघांपाशी होती.

हीच गिटार स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोतही पोचली होती. तिकडे सांतियागो द मुर्सिया या स्पॅनिश गिटारवादकाच्या संगीताचं हस्तलिखित विसाव्या शतकात सापडलं. त्यात आफ्रिकी गुलामांच्या नाचांच्या चाली आहेत. स्पेनची सत्ता तिथे पाच जोड्यांची गिटार मागे पडेपर्यंत टिकली. आमच्याकडे ती जोरात असतानाच राज्य बदललं. पुढे वाजवायला घुमट राहिलं, इंग्रजांच्या काळात पितळी बँड आला. लग्नात उंबराचं पाणी आणायच्या विधीला आता बँडच लागतो. त्या मिरवणुकीत पाच जोड्यांची गिटार घेऊन चालायचं झालं, तर मी मुकाट्याने खर्जाच्या तारा घालीन. बारीक तारांचा भूप ट्रम्पेटपुढे नवरीच्या मामालाही ऐकू येणार नाही.