मातीतला पंजा, गळ्यातली खूण

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आमच्या गटातही हसल्याच. शहरात आणि परदेशात अलीकडे एक दागिना दिसतो. घरच्या कुत्र्याचा किंवा मांजराचा पंजा मातीत उमटवायचा, त्या ठशावरून लहानसे पदक घडवायचे आणि ते गळ्यात घालायचे. जनावर गेले तरी त्याच्या पावलाची खूण आपल्याजवळ राहते. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "माणसांची आठवण ठेवायला कुणाला सवड नाही, आणि कुत्र्याचं लॉकेट कसलं करताय?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही ठरवले, हे खूळ कालचे आहे की जुने, ते आधी बघू.

सुरुवात आपल्याच अंगणातून करू. चातुर्मासात गोपद्मांचे व्रत तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी असेल. आषाढी एकादशीपासून कार्तिकी द्वादशीपर्यंत रोज ३३ गोपद्मे काढायची, म्हणजे गाईची ३३ पावले. कुणी बोटांच्या चिमटीतून रांगोळी सोडते, कुणी पितळी छाप वापरते. कहाणी काय, उद्यापन काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला सांगायचे आहे ते इतकेच, की जनावराच्या पावलाची खूण जपून उमटवणे हे आपल्या बायकांच्या हाताला नवीन नाही. चार महिने, रोज, न चुकता आपण ते करत आलो आहोत. फक्त ती पावले कुठल्या एका गाईची नसतात. ती गाय या जातीची असतात. आपल्या दावणीच्या कपिलेचे पाऊल वेगळे आणि शेजारच्या ढवळीचे वेगळे, हा भेद रांगोळीत राहत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

आता एका अमुक जनावराच्या, खऱ्याखुऱ्या पावलाची गोष्ट. सिंध प्रांतात, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, चन्हूदडो नावाचे ठिकाण आहे. हडप्पा आणि मोहेंजोदडो यांच्या काळातले, साधारण ४,००० वर्षांपूर्वीचे हे कारागिरांचे गाव. मणी घडवणे हा तिथला मोठा धंदा. १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा एक वीट सापडली. विटेवर मांजराच्या पंजाचा ठसा होता आणि त्याच्यालगत, थोडा त्याच्यावर चढलेला, कुत्र्याच्या पंजाचा. वीट पाडून उन्हात वाळत घातलेली असणार. मांजर पळाले, मागून कुत्रा पळाला. पंजे खोल रुतलेले आणि बोटे फाकलेली, त्यावरून दोघेही जोरात धावत होते असे मॅके यांनी मांडले. विटा पाडणाऱ्या बाईने किंवा बाप्याने त्या क्षणी कुत्र्याला शिव्याच घातल्या असतील. पण ती वीट टाकून दिली गेली नाही आणि ठसा टिकला. त्या गावातल्या माणसांची नावे आज कुणालाही सांगता येत नाहीत. ते मांजर आणि तो कुत्रा मात्र अजून पळत आहेत. इंग्लंडमध्ये रोमन काळातल्या कौलांवरही असे कुत्र्यामांजरांचे पंजे सापडतात. जिथे ओली माती उघड्यावर वाळत घातली, तिथे हे व्हायचेच. आपल्या वीटभट्टीवरच्या बायांना विचारा.

हे ठसे अपघाताचे झाले. मुद्दाम जपलेले जनावर बघायचे तर आपल्या राज्यात, प्रवरेकाठी यावे लागेल. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ. चारही मिळून वजन ६० किलोंच्या वर. त्यांचा काळ नेमका कोणता यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण फार जुन्या आहेत याबद्दल वाद नाही. रथ हातभर लांब, त्यात उभा पुरुष, पुढे बैलजोडी. आणि रथाच्या दांडीवर, बैलांच्या मागे, एक कुत्रा उभा आहे. रथाला कुत्र्याचे काही काम नव्हते. तरी घडवणाऱ्याने धातू खर्चून त्याला त्यात जागा दिली. आपली बैलगाडी रानात निघाली की कुत्रा आपसूक सोबत निघतो, तसाच तोही निघाला असेल.

देवघरातला कुत्रा तर तुम्ही रोज बघता. ज्यांचे कुलदैवत खंडोबा, त्यांच्या देव्हाऱ्यात चांदीचा टाक असतो. घोड्यावर खंडोबा आणि म्हाळसा, आणि घोड्याजवळ कुत्रा. टाक घडवायची रीत सोपी आहे. कोरलेल्या ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवतात आणि हलक्या हाताने ठोकून आकार उठवतात. असेच टाक कित्येक घरांत वाडवडिलांचेही करतात. म्हणजे गेलेल्याची खूण धातूत उठवून घरात ठेवायची, ही रीत आपल्याकडे मुरलेली आहे. पंजाच्या पदकाशी तिचे नाते फार लांबचे नाही.

पण आजींचा प्रश्न उरतोच. देवाचा कुत्रा ठीक. घरच्या साध्या कुत्र्यासाठी कुणी कधी काही केले होते का?

केले होते, आणि दगडावर लिहूनही ठेवले. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजांच्या काळात कोरले गेले. त्याच घराण्यातल्या कृष्ण तिसऱ्याच्या काळात, शके ८७२ म्हणजे इसवी सन ९४९-५० च्या सुमारास, आजच्या कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर इथे एक शिळा उभी राहिली. राष्ट्रकूट आणि गंग यांनी मिळून चोळांशी लढाई केली होती. त्यात मनलेर नावाच्या वीराने पराक्रम गाजवला. हवे ते माग, असे त्याला सांगण्यात आले. त्याने काळी नावाचा कुत्रा मागितला. जमीन नाही, सोने नाही, कुत्रा! पुढे या काळीची एका मोठ्या रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही मेले. त्याच्या आठवणीसाठी देवळासमोर शिळा बसवली, तिच्यावर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरले, वर कानडी लेख खोदला आणि पूजेच्या खर्चासाठी जमीन लावून दिली. या दगडाची पूजा न करता जेवेल त्या पुजाऱ्याला दोष लागेल, अशी ताकीदही लेखात आहे. ती शिळा आज बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. हजार वर्षे उलटली तरी त्या कुत्र्याचे नाव आपण घेऊ शकतो. आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाबाहेर झिजलेले वीरगळ असतात, त्यातल्या किती वीरांची नावे आपल्याला सांगता येतात?

आता दागिन्यांकडे वळू, कारण इथे इतिहास तितका गोड नाही. जनावर आणि दागिना यांचा संबंध जुनाच, पण बहुतेक वेळा तो जनावराच्या जिवावर आलेला. लहान मुलाच्या गळ्यात सोन्यात मढवलेले वाघनख बांधायचे, म्हणजे पोर धीट होते अशी समजूत. (अफझलखानाच्या वेळची वाघनखे हे हत्यार, ते वेगळे.) हस्तिदंताच्या बांगड्या, हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार आणि त्याच्या नखांचा, कातड्याचा व्यापार गुन्हा ठरला. पुढे हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. कुणाच्या जुन्या पेटीत खरे वाघनख निघाले तर ते विकायच्या भानगडीत पडू नका, आधी वन खात्याला विचारा. सोनाराकडे मिळते ते नुसते घाटाचे. कोल्हापुरी साजातले मासा आणि कासवही घाटाचेच, त्यात कुणाचा जीव जात नाही.

इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काळात वेगळी पद्धत होती. माणूस गेले की त्याच्या केसांची बट लॉकेटमध्ये ठेवत, केस विणून साखळ्या करत. १८६१ साली राणीचा नवरा वारला आणि तिने जन्मभर सुतक पाळल्यासारखे काळे कपडे घातले, तेव्हापासून अशा शोकाच्या दागिन्यांची चाल आणखी वाढली. याच काळात पाळीव जनावराचे दुःख उघडपणे करायलाही तिकडे सुरुवात झाली. लंडनच्या हाइड पार्कच्या एका कोपऱ्यात १८८१ साली चेरी नावाची लहान कुत्री पुरली गेली. पुढच्या वीसेक वर्षांत तिथे तीनशेच्या वर जनावरांच्या, बहुतेक कुत्र्यांच्या, समाध्या झाल्या. श्रीमंतांचे सोहळे, असे म्हणून सोडून देता येईल. आम्हाला तसे वाटत नाही.

कारण २०२२ चा लम्पीचा हंगाम आपण विसरलेलो नाही. किती घरच्या गाई, किती वासरे गेली. जेसीबीने खड्डा खणला, चुना टाकला, माती लोटली, आणि बाई रिकामे दावे हातात घेऊन घरी आली. भरपाईच्या कागदावर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक लिहिला गेला. नाव लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता. बैलाचे निदान पोळ्याला कौतुक होते. झूल, बाशिंग, गोंडे, शिंगांना शेंब्या, घुंगरमाळ. जनावराला दागिने घालणारी आपली माणसे आहेत. पण शेण काढणारी, रात्री उठून गाभण शेळीला बघणारी बाई असते, आणि जनावर गेल्यावर दोन दिवस तिला जेवण गेले नाही तर घरात कुणीतरी म्हणतेच, "जनावरच तर होतं." त्या बाईने एक ठसा जपला तर ती खूळचट ठरत नाही, हे सांगायला मनलेर पुरेसा आहे. आणि या दागिन्यासाठी नख नको, दात नको, केसही नको. जनावर पाय टेकवते आणि निघून जाते.

करायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. ठसा शक्यतो जनावर जिवंत, धडधाकट असतानाच घ्या. अचानक दगावलेल्या किंवा पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावराला हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पाय कोमट पाण्याने धुऊन पुसा. कुंभाराकडची मळलेली माती आणा, तिच्यात बारीक राख किंवा घोड्याची लीद मिसळलेली असली तर तडा कमी जातो. बोटभर जाड थापी करून पंजा हलकेच दाबा. मांजराचा पंजा, नाहीतर करडाचा खूर, पदकाला तसाच बसतो. कुत्र्याचा मोठा पडतो.

इथे मातीचा एक गुण कामी येतो. वाळताना आणि भाजताना ती आक्रसते, साधारण दहावा हिस्सा धरा. भाजलेल्या ठशात पुन्हा ओली माती दाबली की उलटा छाप मिळतो, तोही भाजला की आणखी लहान. असे चार वेळा केले तर ६ सेंटिमीटरचा पंजा ४ सेंटिमीटरच्या आत येतो. जपानमध्ये १९९० च्या सुमारास चांदीची भुकटी घालून केलेली माती निघाली. भाजल्यावर तिच्यातला चिकटा जळतो आणि निव्वळ चांदी उरते. परदेशात पंजाची पदके करायला ती वापरतात. तीही अशीच आक्रसते. आपल्याला ती महाग पडते. त्यापेक्षा भाजलेल्या साच्यात मेण दाबून ते ओताऱ्याकडे न्या, पितळेत ओतून मिळेल. याहून सोपे हवे असेल तर हळदीच्या पाण्यात पंजा बुडवून कागदावर उमटवा, झेरॉक्सच्या दुकानात हवा तेवढा लहान करून घ्या आणि सुईने मातीवर टोचून काढा. शाई किंवा ऑइलपेंट पायाला लावू नका, जनावर पाय चाटते. काही जणी कणकेत मीठ घालून ठसे करतात, ते कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. इतके मीठ पोटात गेले तर कुत्रा मरू शकतो.

दोऱ्याचे भोक माती ओली असतानाच पाडायचे. मागच्या बाजूला जनावराचे नाव आणि साल कोरायचेही तेव्हाच, नंतर सुई चालत नाही. आठवडाभर सावलीत वाळवा, पावसाळ्यात जास्त. दमट राहिले तर भट्टीत फुटते. मग गोवऱ्या आणि भुशाच्या आरात ठेवा आणि सगळे पूर्ण निवेपर्यंत उकरू नका.

विकायचे का, यावर आमच्या गटात दोन मते पडली. शेवटी ठरले ते असे: कुणाच्याही जनावराचा नसलेला, नुसत्या नक्षीचा पंजा बाजारात विकायला हरकत नाही. पण जी आपल्या जनावराचा ठसा घेऊन येईल, तिच्याकडून माती आणि भाजणीचाच खर्च घ्यायचा. पहिली भट्टी लावली तेव्हा त्यात सहा पदके होती, चार मांजरांची, एक करडाचे आणि एक कुत्र्याचे. कुत्र्याचे त्या आजींनीच आणले होते.