पडवी

कोकणातल्या उतरत्या छपराच्या घरात मुख्य छपराचाच पाखा भिंतीपलीकडे खाली आणून खांबांवर टेकवला की त्याखाली जी अर्धी उघडी जागा मिळते, ती पडवी. ती पुढे असते, मागे असते, क्वचित घराला वेढून असते. भिंतीला वेगळे पत्रे ठोकून काढलेल्या शेडलाही आज सर्रास पडवी म्हणतात. पण तिथे भिंत आणि पत्रा यांचा सांधा गळतोच. पडवीत हा सांधाच नसतो.

पडवीची रुंदी मालकाच्या हौसेवर नाही, छपराच्या उतारावर ठरते. पाखा 30 अंशांचा असेल तर दर मीटरमागे छप्पर सुमारे 58 सेंमी उतरते. भिंतीपाशी 3 मीटर उंची असली तरी 2 मीटर बाहेर आल्यावर जेमतेम 1.85 मीटर उरते, आणि उंच पाहुण्याचे कपाळ तुळईवर आपटते. म्हणून पडवीची जमीन ओटीपेक्षा एकदोन पायऱ्या खाली घेतात. उतारच मोडून पडवीपुरता सपाट करण्याचा मोह होतो, तो टाळावा: पाणी रेंगाळते आणि वाऱ्याच्या जोराने कौलांखालून उलटे आत शिरते.

वासे, त्यांवर रिपा, रिपांवर कौले अशी रचना आढ्यापासून वळचणीपर्यंत सलग असते. पूर्वी पेंढा किंवा नळीची कौले असत. 1865 मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल कोकणभर पसरले.

मातीची किंवा जांभ्याची भिंत पावसापासून वाचवणे हे पडवीचे पहिले काम. जाते, उखळ, इरली, जळण आणि गप्पा मारायला आलेले शेजारी ही नंतरची सोय. छप्पर पाऊस अडवते, झड अडवत नाही. त्यासाठी पावसाळ्याआधी दर्शनी बाजूला माडाच्या झावळ्यांची झापे बांधत. आता निळी ताडपत्री दिसते.

गोव्यातला दगडी बाकांचा बाल्कांव हा पडवीचा दिमाखदार शेजारी, पण त्याला बहुधा स्वतंत्र छप्पर असते.

उघड्या पडवीत घुसलेला वारा छपराला खालून उचलतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावर असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. वळचणीकडचे वासे नुसत्या खिळ्यांवर न सोडता लोखंडी पट्टीने तुळईला जखडणे आणि कौलांच्या शेवटच्या ओळी तारेने बांधणे, हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.