धुराचा हिशेब : कोराडीपासून युरोपापर्यंत

१ जानेवारी १८७७. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळचा आणि कोळशाचा पट्टाही जवळचा. त्या काळी गिरणीच्या चिमणीतून निघणारा धूर पाहून लोकांना समृद्धीची चाहूल लागत असे. आज तोच धूर आपल्याला कोड्यात टाकतो. भरभराट हवी, पण हवेचा नाश नको. हे साधावे कसे?

या बाबतीत १९७४ हे साल आम्हांला महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी नागपूरजवळच्या कोराडी येथे औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आपल्याच शहरातील, १९५८ साली स्थापन झालेल्या संशोधन संस्थेला 'नीरी' हे नाव मिळाले, तेही त्याच वर्षी. एका बाजूस कोळसा जाळणारे केंद्र आणि दुसऱ्या बाजूस हवा-पाण्याची परीक्षा करणारी संस्था, अशी दोन्ही अपत्ये एकाच नगरीच्या मांडीवर वाढली.

त्याच वर्षी, तेलाच्या टंचाईने हादरलेल्या फ्रान्सने अणुविजेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. हेतू स्वावलंबनाचा होता. परंतु त्याचे फळ असे की, दरडोई कर्बवायूच्या बाबतीत फ्रान्स आज जर्मनीच्या पुष्कळ खाली आहे. स्वीडनने १९९१ साली कर्बवायूवर कर बसविला. १९९० नंतर त्या देशाचे उत्सर्जन एक-तृतीयांशाहून अधिक घटले, तरी अर्थव्यवस्था वाढतच राहिली. ब्रिटनमध्ये आधी नैसर्गिक वायूने आणि मग पवनविजेने कोळशाची जागा घेतली. १८८२ साली लंडनमध्ये कोळशावर वीज निर्माण करणाऱ्या या देशाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद केले. वाढ आणि धूर यांची गाठ सोडविता येते, हे या देशांनी दाखवून दिले.

तथापि वाचकहो, हा हिशेब इथेच संपत नाही. देशाच्या सीमेतला धूर मोजला, की पोलाद, कापड, यंत्रे परदेशांतून मागविणारा देश स्वच्छ दिसतो. त्याच्या वाट्याचा धूर दुसऱ्याच्या अंगणात निघतो. आयात मालाचा धूर धरला, तर ब्रिटनची प्रगती खरी असूनही थोडी कमी भरते. शिवाय कर्बवायू वातावरणात शतकानुशतके टिकून राहतो. म्हणजे श्रीमंतांचे जुने कर्जही आजच्या खात्यात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात उत्तरेकडील देशांवरच्या या पर्यावरणीय ऋणाचा उल्लेख केला आहे. आजही भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे दोन टन, तर अमेरिकनाच्या वाट्याला सुमारे चौदा टन कर्बवायू येतो.

मग आपण निर्दोष आहोत काय? तसे मुळीच नाही. कोराडीत गेल्या दशकात ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले. जुन्या संचांच्या तुलनेत ते तेवढ्याच विजेसाठी कमी कोळसा जाळतात. ही कार्यक्षमता स्वागतार्ह आहे. पण वीजच अधिक निर्माण झाली, तर एकूण धूर घटेलच असे नाही. राखेचे तर ओझेच असते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला आणि राख शेतांत व ओढ्यांत पसरली. वीज शहराने वापरली, राख खेड्याच्या वाट्याला आली.

श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्यात जो न्याय आपण मागतो, तोच नागपूर आणि खसाळा यांच्यातही मागावा लागेल. कोणते राष्ट्र कार्यक्षम, हे विचारताना आणखी एक प्रश्न जोडला पाहिजे : धूर कमी झाला, की केवळ दुसऱ्याच्या दारी गेला? घरातला दिवा लावताना आपणही हा प्रश्न स्वतःला विचारला, तर १८७७ पासून साचलेल्या हिशेबाची निदान पहिली ओळ तरी प्रामाणिकपणे लिहिली जाईल.