ठेका

ठेका (पु.) : तालाच्या एका आवर्तनात ठरावीक क्रमाने वाजणारे बोल, सैल अर्थाने, कोणत्याही नियमित आघाताची चाल. इंग्रजीतील ‘बीट’ या शब्दासाठी मराठीत बहुधा हाच शब्द योजला जातो. मात्र ‘बीट’ या एका शब्दाच्या पोटात मराठीतले मात्रा, ताल, ठेका, लय आणि ठोका असे निदान पाच शब्द मावतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हे सगळे अर्थ सोलापूरच्या रोजच्या व्यवहारात जिवंत असल्याने या नोंदीतील उदाहरणे मुख्यतः त्याच शहरातली आहेत. (कंत्राट या अर्थाचा ‘ठेका’ वेगळा; त्याचा येथे विचार नाही.)

मात्रा हे मोजण्याचे एकक. मात्रांचे विभाग पाडून त्यांत सम, टाळी आणि खाली यांच्या जागा ठरवल्या की ताल होतो. त्या तालाला तबल्यावर किंवा पखवाजावर मिळालेले बोलांचे रूप म्हणजे ठेका. तीनताल आणि तिलवाडा या दोघांच्या मात्रा 16, विभाग चार-चारांचे, टाळी-खालीच्या जागाही त्याच. तरी बोल निराळे, म्हणून ठेके दोन. तीनतालाचा ठेका ‘धा धिं धिं धा’ असा सुरू होतो आणि नवव्या मात्रेच्या खालीनंतर ‘तिं तिं ता’ हे बोल येतात. डग्ग्याचा घुमारा तेथे थांबतो, आणि आवर्तनात आपण कुठे आहोत हे गाणाऱ्याला बोटे न मोजता कळते. ठेक्याचे खरे काम हेच आहे.

लय ही याहून सूक्ष्म गोष्ट. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात लय म्हणजे आघात नव्हे, एका क्रियेनंतरची विश्रांती होय, अशी व्याख्या आहे. द्रुत लयीतली विश्रांती दुप्पट केली की मध्य लय आणि मध्य लयीतली दुप्पट केली की विलंबित. इतकी नेमकी व्याख्या हाताशी असताना लय आणि ठेका हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरू नयेत.

सोलापुरात ठेका पहिल्यांदा कानावर पडतो तो बहुधा हलगीचा. कड्यावर ताणलेले कातडे, दोन काठ्या, त्यांतली एक बारीक आणि एक जाड. कातडे सैल पडले की ते जाळावर शेकून पुन्हा चढवतात. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांबरोबर हलग्या असतात. नंदीध्वजाची उंच, जड काठी एकट्याने तोलत चालणाऱ्याला पाऊल मध्येच लांब टाकून चालत नाही. अशा वेळी वाद्याची एकसारखी चाल पावलाला आधार देते. लेझमीत हेच शेकडो माणसांच्या बाबतीत घडते. दांड्याला अडकवलेल्या साखळीतल्या चकत्या आपटून जो नाद निघतो तो वादनाला जोडीचा नसून हालचालीचाच भाग असतो. एकाचा हात मागे पडला तर ते दिसण्याआधी ऐकू येते. सोलापूरच्या गणेशोत्सवातली लेझीम नावाजलेली आहे. तिचे मोठेपण वेगात शोधू नये. मोठी रांग एका आवाजात वाजणे हे वेगापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

‘बीट’चा आणखी एक अर्थ या गावाला विशेष जवळचा आहे, आणि शब्दकोशांत त्याला सहसा जागा मिळत नाही. मागावर उभ्या धाग्यांमधून धोटा आडवा धागा टाकून गेला की फणी पुढे येऊन तो धागा कापडाच्या कडेला ठोकून बसवते. विणकामाच्या इंग्रजी परिभाषेत या क्रियेचे नाव याच शब्दावरून आले आहे. यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर जो खडखडाट ऐकू येतो त्यात धोट्याला बसणारा फटका आणि फणीचा ठोका असे दोन आवाज मिसळलेले असतात. टर्किश टॉवेल विणताना तर खराखुरा तीन मात्रांचा ठेका चालतो. पहिले दोन आडवे धागे फणी कडेपासून थोडे अलीकडे सोडते आणि तिसऱ्या धाग्याला पूर्ण पुढे येऊन तिन्ही एकदम ठोकते. पायाचे उभे धागे ताणलेले असल्याने त्यांच्यावरून हे तिघे सरकतात. कड्यांसाठीचे उभे धागे सैल सोडलेले असल्याने ते दुमडून वर येतात आणि टॉवेलच्या अंगावरच्या कड्या तयार होतात. दोन हलके, एक भारी. हा क्रम बिघडला तर कड्या लहानमोठ्या पडतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. त्यांतल्या टॉवेलचा मऊपणा या तिसऱ्या ठोक्यावर उभा आहे. नव्या मागांवर धोटा नाही, पण फणी आहेच.

जिल्ह्यातल्या पंढरपुरात पखवाजावर चालणारा भजनी ठेका आठ मात्रांचा. लावणीचा ठेका ढोलकीचा. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्यासारख्या पेशवाईतल्या रचनाकारांमुळे त्या परंपरेशीही या गावाचे जुने नाते आहे.

हृदय, नाडी आणि घड्याळ यांच्यासाठी ठोका हाच शब्द. नेमून दिलेल्या हद्दीसाठी पोलिसांत मूळ इंग्रजी शब्दच रुळला आहे: बीट हवालदार, बीट मार्शल. वनखात्याने मात्र ‘नियतक्षेत्र’ असा स्वतंत्र शब्द घडवला. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनरक्षकाच्या ताब्यात असते ते नियतक्षेत्र, आणि त्याचा नादाशी काही संबंध नाही.

पद्यात ठेक्याचे काम आवर्तन करते. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मात्रांच्या आवर्तनांवरून जातींना नावे दिली: सहा मात्रांची भृंगावर्तनी, आठांची पद्मावर्तनी. दादरा सहा मात्रांचा आणि केरवा आठांचा, त्यामुळे भृंगावर्तनी कविता दादऱ्यात आणि पद्मावर्तनी केरव्यात सहज बसते.

प्रयोग : ठेका धरतात, देतात, लावतात, ठोके पडतात, चुकतात, लय साधते, वाढते, ढळते, ताल सांभाळतात.